अंगठ्याखालचं बटण

प्रिय शालू,

वैशू माझ्याशी बोलायला लागली गं! आज सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, "बाबा, दाढी करा. फकीर दिसताय." बस, एवढंच. पण मला इतका आनंद झाला, की मी खरंच उठून दाढी केली आणि सुट्टीचा दिवस असून इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. चिमी विचारते, "बाबा, कोणाचं लग्न आहे?" म्हटलं, ही बातमी सगळ्यात आधी तुला द्यायला हवी.

महिना-सव्वा महिना झाला, पोरगी माझ्याशी धड बोलत नव्हती. आपली वैशू! शाळेतून आली की दप्तर खांद्यावरून उतरायच्या आधी जिची टकळी सुरू होते, ती वैशू. आणि चूक सगळी माझी. आता दुपार आहे. दोघी समोरच्या हंसाबेनकडे पापड लाटायला गेल्यायत. घरात मी एकटाच. चिमीच्या वहीची मधली पानं काढलीयत, तिला सांगू नकोस.

तुला ठाऊकच आहे, मला पत्र लिहिता येत नाही. लग्नाआधी तुला गावी तीन पत्रं टाकली, त्यात मुलुंडची हवा कशी आहे हेच जास्त होतं. तू नंतर किती चिडवायचीस! पण आज हवा-पाणी नाही. आज मला कबुली द्यायची आहे, आपल्या टीव्हीची.

आठवतं, टीव्ही आला तेव्हा तू त्याला आधी हळद-कुंकू लावलंस आणि मग म्हणालीस, "आता ह्या डबड्यासमोर सगळी चाळ येऊन बसतली, माझी चटई फाटतली." चटई फाटली खरीच. पण शनिवारचा मराठी सिनेमा आणि रविवारचा हिंदी, तू एकही सोडला नाहीस. मांडीवर तांदळाचं सूप, नाहीतर वैशूचा उसवलेला फ्रॉक, आणि तोंडाने अखंड बडबड. हिरोईन खिडकीत उभी राहून पत्र वाचायला लागली की तू म्हणायचीस, "बघ, आता रडतली." ती रडायची. खलनायक दिसला की, "मेल्याक लाज नाय." पुढे बसलेली पोरं सिनेमा कमी बघायची आणि तुझं जास्त ऐकायची.

मला राग यायचा. सांगतो आता, तुझ्या त्या बडबडीचा मला फार राग यायचा. एकदा सिनेमात ती दोन फुलं एकमेकांवर डोलायला लागली. चिमी तेव्हा सहा वर्षांची. मोठ्याने विचारते, "आई, फुलं का हलतायत?"  माझी तर कानशिलं तापली. आणि तू खडा वेचता वेचता म्हणालीस, "लगीन झाला तेंचा. आता गप रव." चिमी गप्प बसली. तिला तेवढंच हवं होतं.

मी मात्र सगळे गेल्यावर तुझ्यावर ओरडलो होतो. "तू काय पोरींना बिघडवायला बसलीस? उठून बंद करता येत नाही?" तू सूप खाली ठेवलंस आणि शांतपणे म्हणालीस, "पोरांका सगळा समाजता. तुमकाच समाजणा नाय." मी दोन दिवस फुगून बसलो. वायरमन माणूस मी, माझ्या मते प्रत्येक गोष्टीला एक बटण असतं. आवडली चालू, नाही आवडली बंद. तुझ्या पद्धतीत बटणच नव्हतं ना!

मग तू आजारी पडलीस आणि टीव्हीवर सहा महिने कापड पडलं. तू गेल्यावर सुतक संपलं, तरी कोणी ते कापड काढेना. शेवटी हंसाबेनचे मनुभाई आले, हात जोडून म्हणाले, "भाऊ, छोकरी लोकचा चेहरा बघा ना. जरा चालू करा." तेव्हा कापड काढलं.

त्याच महिन्यात कांजूरमार्गहून ताई आली. माझी बहीण कशी आहे ते तुला मी काय सांगू! तू हयात असताना तिच्या तोंडाला तोंड दिलं नाहीस, पाठीमागे नक्कल मात्र झकास करायचीस. ती आली, चहा प्यायली आणि पोरींच्या देखत मला म्हणाली, "सदा, आई नाही घरात. मोठी वयात येतेय. त्या टीव्हीवर काय वाट्टेल ते दाखवतात. लक्ष ठेव, नाहीतर उद्या डोक्याला हात लावून बसशील." आणि निघून गेली.

शालू, मी घाबरलो गं. तुला खरं सांगतो, तू गेलीस तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो. तेव्हा धावपळ होती, माणसं होती. आता दोन मुली आणि मी. वेण्या घालायला शिकलो होतो, वाकड्या का होईना. कालवण जमायला लागलं होतं. पण वयात येणं म्हणजे नेमकं काय सांभाळायचं, हे मला कोण सांगणार? ताईने सांगितलं ते एकच कळलं. टीव्ही.

मग मी काय केलं असेल? हसू नकोस हं. कंपनीत एक जुनं पॅनेल मोडीत निघालं होतं. साहेबांना विचारून त्यातलं मशीन बंद करायचं लाल बटण आणलं. दाबून धरलं की सर्किट तुटणारं. पोरी शाळेत असताना अँटेनाची वायर भिंतीच्या कडेने खाली आणली, खाटेच्या पायाशी नेली आणि मधे हे बटण बसवलं. वरून पायपुसणं टाकलं. मी खाटेवर बसायचं, पाय खाली सोडायचा, आणि पडद्यावर काही वेडंवाकडं दिसलं की अंगठा दाबायचा. झालं! टीव्हीभर मुंग्या. मी आपला कपाळाला आठी घालून म्हणायचो, "छ्या! व्यत्यय आला."

माझी स्वतःवरच खुशी काय विचारतेस! पोरींना रागवायला नको, उठायला नको, कोणाला काही कळायला नको. कंपनीत बत्तीस मशीनं सांभाळतो, त्यापुढे हे काय!

पहिल्याच रविवारी अख्खी चटई भरली होती. सिनेमात हिरोईन तलावात उतरायला लागली. मी अंगठा दाबला. मुंग्या. पोरं ओरडली, "अरे यार!" आणि मनुभाई, तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे, लगेच उठले. "अँटेना हलला वाटते!" म्हणत गच्चीवर गेले. भर उन्हात! वरून ओरडतायत, "आला काय?" चिमी गॅलरीतून ओरडते, "नाय आला!" "आत्ता?" "नाय!" मी खाली अंगठा दाबून बसलोय आणि घाम मनुभाईंना फुटतोय. गाणं संपल्याचा अंदाज घेऊन मी पाय उचलला. चिमी किंचाळली, "आला, आला! हलवू नका!"

मनुभाई खाली आले ते छाती पुढे काढूनच. पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्यांचं नाव असं काही झालं, की शेजारच्या बिल्डिंगमधूनही त्यांना अँटेना फिरवायला बोलवायला लागले. बिचाऱ्यांना अजून खरं सांगितलेलं नाही. सांगू का? मला वाटतं नको. माणूस सुखात आहे.

आता मुद्द्यावर येतो. मी काय काय बंद केलं ते ऐक. तलाव झाला. झाडामागे पळणं झालं. बलात्काराचा प्रसंग येणार असं दिसलं की आधीच दाब. तिथपर्यंत तूही काही म्हणाली नसतीस कदाचित. पण बटण हाताशी, म्हणजे पायाशी, असलं ना शालू, की माणूस सैल सुटतो. कुटुंब नियोजनाची जाहिरात, दाब. बाईच्या बाळंतपणाचं काही निघालं, दाब. आणि ती बायकांच्या त्या दिवसांच्या कापडाची नवी जाहिरात लागते, पांढऱ्या कपड्यांतली मुलगी उड्या मारते ती, तिच्यावर तर माझा अंगठा बसलेलाच. मला ती नुसती दिसली तरी लाज वाटायची. पोरींसमोर बापाने असलं बघायचं?

आणि एक संध्याकाळ. ती मला आता रोज आठवते. बायकांसाठीचा कार्यक्रम चालला होता. चष्मेवाल्या एक डॉक्टरीणबाई, समोर शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली. बाई हसून म्हणाल्या, "मुली मोठ्या होताना शरीरात काय बदल होतात, ते आज आपण बोलू." मी दाबलं बटण. कार्यक्रम काही संपेना. अंगठ्याला वांब आला, तरी दाबून बसलो. चिमी कंटाळून खेळायला गेली. वैशू मात्र बसून राहिली. मुंग्यांकडे बघत. मी म्हटलं, "अगं, उठ, काही दिसत नाही." तर म्हणाली, "आवाज येईल कदाचित."

तेव्हा मला कळायला नको? पोरगी मुंग्यांमध्ये काहीतरी शोधत होती, आणि बाप पाय दाबून बसला होता!

त्यानंतर काही दिवसांनी वैशू गप्प झाली. आधी वाटलं परीक्षा जवळ आलीय. मग टीव्हीसमोर बसायची बंद झाली. जेवण निम्म्यावर. शाळेत जायला नको म्हणायची, पोट दुखतं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडायची. मी ओव्याचं पाणी दिलं. दुसरं काय सुचणार मला? आपल्या केसांच्या क्लिपा तिने चिमीला दिल्या, रंगपेटी दिली. चिमी खूश, आणि माझ्या डोक्यात भलतंच. ताईचं बोलणं आठवायला लागलं. वाटलं, नक्की कोणीतरी मुलगा आहे.

मी तिला उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं गं. "कुठे जातेस? कोणाशी बोलतेस? मान वर कर, माझ्याकडे बघ." तिने मान वर केलीच नाही. ती आंघोळीला गेल्यावर मी तिचं दप्तर तपासलं. तुझी शपथ, चोरासारखं तपासलं. चिठ्ठी वगैरे काही नव्हतं. मागच्या कप्प्यात तुझे हॉस्पिटलचे कागद होते. ट्रंकेतून काढून घेतलेले. मला वाटलं आईची आठवण म्हणून ठेवले असतील. माझे डोळे भरून आले, आणि मी ते होते तसे परत ठेवून दिले. डोळे भरायच्या ऐवजी डोकं चाललं असतं तर?

मागच्या गुरुवारी मी पहिल्या पाळीवरून आलो. चिमी एकटी दारात बसली होती. म्हणाली, "बाबा, मला भात करायला शिकवा." मी म्हटलं, "एवढी घाई कशाला? वैशूताई करते ना." तर म्हणते, "ताई म्हणाली, मी गेल्यावर तू बाबांना वाढायचं."

"कुठे जातेय ताई?"

"आईकडे."

शालू, मी डबा तिथेच दारात टाकला. आत गेलो. वैशू भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. ह्या खेपेला ओरडलो नाही. म्हटलं, "बाय माझी, काय झालंय सांग. मी काहीही ऐकायला तयार आहे."

भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "मला आईचं झालंय."

मला काही कळेना. "आईचं म्हणजे?"

"आईला व्हायचं तेच. रक्त जातं. मागच्या महिन्यात पण गेलं, आज परत. मी मोरीत धुतलं सगळं. कागदावर लिहिलंय ना, रक्तस्राव. मी वाचलं. आता मला पण हॉस्पिटलात नेणार, आणि मी पण..."

तुझा पिशवीचा आजार. आपण पोरींना काय सांगितलं होतं? पोटाचं दुखणं. पण मोरीत भिजवलेले तुझे कपडे त्या बघतच होत्या ना! वैशूनेच कितीदा पाणी ओतलं असेल. आणि तू धडधाकट असतानाचं तिला काहीच माहीत नव्हतं. गावाला तुझी आई चार दिवस बाजूला बसायची. तू लग्न होऊन आलीस तेव्हाच ते मोडलंस. "ह्या दीड खोलीत बाजूक खंय बसू? गॅसवर?" म्हणालीस. चांगलंच केलंस. पण त्यामुळे पोरींना घरात कधी काही दिसलंच नाही. जे रक्त दिसलं ते तुझ्या आजारपणातलं.

आणि मी काय केलं माहीत आहे? मी हसलो. सुटल्यासारखा हसलो गं, इतकं हायसं वाटलं. आजार नाही, मुलगा नाही, काही नाही, पोर मोठी झाली! माझं हसू बघून ती अशी काही रडायला लागली, की मी चप्पल न घालताच हंसाबेनच्या दारात जाऊन उभा राहिलो.

उभा राहिलो खरा, पण सांगायचं कसं? मी आपला म्हणतोय, "ते वैशूचं... म्हणजे वैशूला... तुम्ही जरा..." हंसाबेन पोळ्या लाटत होत्या. लाटणं हातात धरून बघत राहिल्या, आणि एकदम म्हणाल्या, "समजला मला. तुम्ही इथेच थांबा." गॅस बंद करून सरळ आपल्याकडे, वैशूजवळ गेल्या आणि आतून दार लावून घेतलं.

मी तासभर गॅलरीत. चिमीला भात शिकायचा होता, म्हणून हंसाबेनच्या ओट्यावर तिला तांदूळ धुवायला लावले. आतून आधी रडणं ऐकू येत होतं. मग हंसाबेनचा आवाज. मग, खोटं नाही सांगत, वैशूचं हसणं. इतक्या दिवसांनी!

हंसाबेन बाहेर आल्या त्या माझ्यावर भडकूनच. "भाऊ, बिचारी मरते म्हणून बसली होती! कोणी सांगितलाच नाय तिला?" मी म्हटलं, मला वाटलं तुम्ही सांगितलं असेल. त्यांना वाटलं होतं, आत्याने सांगितलं असेल. ताईला विचारलं तर ती म्हणते, मला वाटलं आजकाल शाळेत सांगतात. सगळ्यांना वाटलं, कोणीतरी सांगितलं असेल! तू असतीस तर हे असं झालंच नसतं, असं मी म्हणणार नाही. म्हणून काय उपयोग? तू नाहीस, आणि मी होतो.

संध्याकाळी हंसाबेननी वाटीभर शिरा पाठवला. चिमी म्हणते, "सत्यनारायण आहे का?" वैशू लाजली, पण तिने शिरा खाल्ला. मी समोर बसलो होतो. मला वाटलं, चला, सगळं निभावलं. तेवढ्यात तिने चमचा खाली ठेवला.

"बाबा, टीव्हीवर त्या चष्मेवाल्या बाई हेच सांगत होत्या ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग तुम्ही बटण का दाबलंत?"

तिला माहीत होतं, शालू! पहिल्या आठवड्यातच झाडताना दिसलं होतं म्हणे. आणि कोणाला बोलली नाही. मी विचारलं, "मग मला विचारलं का नाहीस?" तर काय म्हणाली सांगू? "तुम्ही बटण दाबता ते सगळं वाईट असतं, असं मला कळलं होतं. हीरो-हिरोईन, आणि ते रक्ताचं. आणि मग मलाच ते झालं. मग तुम्हाला कसं सांगू?"

 मी समजत होतो, मी वाईट गोष्टी घराबाहेर ठेवतोय. आणि माझी पोरगी अंगठ्यागणिक शिकत होती, ह्या घरात कशाबद्दल तोंड उघडायचं नाही. तिला एकदा मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पण हा राग होता, भीती नव्हती. वाढायची, पण पातेलं आपटून. बरं वाटलं मला, खरंच! आपटणारी वैशू मला ओळखीची आहे, तुझ्यावर गेलीय. शनिवारी मी दोघींच्या समोर पायपुसणं उचललं, पक्कड घेतली आणि बटण काढून वायर सरळ जोडली. चिमी तोंडाचा आ करून बघत होती. म्हणाली, "म्हणजे मनुकाका उगाच गच्चीवर जायचे?" वैशूला हसू आलं, पण तिने मान फिरवली.

काल रविवार होता. चटईवर पाच-सहा पोरं, मी खाटेवर. सिनेमाच्या आधी जाहिराती लागल्या आणि त्यात ती आलीच, पांढऱ्या कपड्यांतली, उड्या मारत. मी पाय वर घेऊन मांडी घातली. वैशू टीव्हीकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. कान तापले माझे, पण मी बसून राहिलो. चिमीने विचारलंच, "हे कशाचं कापड आहे?" मी घसा खाकरला, म्हटलं आता बोलायलाच हवं. तेवढ्यात वैशू म्हणाली, "मोठ्या मुलींना लागतं. तुला पण लागेल. मी सांगीन तुला, आता सिनेमा बघ." चिमी गप्प. मला एकदम तू आठवलीस. बडबड करतेस म्हणून तुला ओरडलो होतो ना, ते सगळं मी आज परत घेतो. तू पडद्याशी भांडत नव्हतीस, पोरींशी बोलत होतीस. मला दहा वर्षांत कळलं नाही. पण तूही एकदा समजावून सांगायचं होतंस की गं! दोन दिवस फुगलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी तरी?

आणि आज सकाळी, दाढी करून झाल्यावर, वैशू कप विसळता विसळता म्हणाली, "बाबा, एक विचारू? आईला पहिल्यांदा झालं तेव्हा तिला कोणी सांगितलं होतं?"

मला माहीत नाही, शालू. पंधरा वर्षं आपण एका खोलीत काढली. तुला वांगं सोसत नाही, विजेला भितेस, डाव्या कुशीवर झोप लागत नाही, सगळं मला ठाऊक. आणि हे कधी विचारलंच नाही. तू कितीची होतीस? घरात होतीस की शेतात? तुला कोणी सांगितलं होतं, की तूही वैशूसारखीच मरणाची वाट बघत बसली होतीस? तुझ्या आजारपणात मी तुझे कपडे धुतले, पण तेव्हाही विचारलं नाही. मला वाटायचं, तो बायकांचा विषय. तू माझी बायको होतीस ना गं?

मी वैशूला म्हटलं, "मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही." ती म्हणाली, "मग आता?" म्हटलं, आजीला ठाऊक असेल. पत्र टाकणार होतो, पण तुझ्या आईला पोस्टमन पत्र वाचून दाखवतो. जावयाने सासूला असलं विचारलेलं तो वेंगुर्ल्यापर्यंत वाजवत जाईल! वैशू इतकी हसली, की तिच्या हातातला कप फुटता फुटता वाचला.

तेव्हा ठरवलंय. मे महिन्यात रजा टाकतो आणि दोघींना घेऊन एसटीने तुझ्या माहेरी जातो. तुझ्या आईच्या पुढ्यात वैशूला बसवतो, आणि तुझं सगळं विचारायला लावतो. म्हातारी आधी लाजेल, पदर तोंडाला लावेल, मला म्हणेल, "जावयबापू, तुमी जरा भायर बसा." शालू, मी बाहेर जाणार नाही. लाज वाटली तरी, घाम फुटला तरी, मी तिथेच भिंतीला टेकून बसेन आणि तुझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकेन.

तुझाच,
सदा